मिरच्यांचं ऊन

होळी उलटली की माझा घसा ठसक्याची वाट बघायला लागतो. हसू नका. अंधेरी पूर्वेच्या आमच्या गल्लीत उन्हाळा आंब्याबरोबर येत नाही, कोकिळेबरोबर तर नाहीच नाही. तो येतो मिरचीच्या ठसक्याबरोबर. कुठल्यातरी स्वयंपाकघरात लोखंडी कढई तापते, लवंगी मिरच्यांची मूठ तिच्यात पडते आणि पाच मिनिटांत चारही मजले खोकायला लागतात. पहिल्या मजल्यावरचे आजोबा, दुसऱ्यावरची बाळंतीण, तिसऱ्यावरचा अभ्यास करणारा मुलगा, कोणी सुटत नाही. मग वरून कोणीतरी ओरडतं, "मसाला काय गं?" आणि खालून उत्तर जातं, "हो गं! खिडकी लाव!" झालं. उन्हाळा सुरू.

यंदा होळी झाली, गुढी उभारली, गुढी उतरवली, आणि कोणी खोकलं नाही. मी रोज सकाळी गॅलरीत चहा घेऊन उभी राहते आणि मूर्खासारखी हवेचा वास घेते. वास येतो तो कॉफीचा. कोपऱ्यावरच्या कॅफेतल्या. छान असते म्हणतात. असेल.

मागच्या आठवड्यात तन्वीचा फोन आला. तन्वी माझी एकुलती एक मुलगी. राहते पोर्तुगालात, समुद्रकाठच्या एका छोट्या शहरात, आणि काम करते अंधेरीतल्या एका कंपनीचं, जिचं ऑफिस आमच्या घरापासून रिक्षाच्या मिनिमम भाड्यात येतं. आमच्या वरच्या मजल्यावर याच्या अगदी उलट. तिथे कुठकुठल्या देशांतली माणसं दोन-दोन महिने येऊन राहतात आणि इथे बसून आपापल्या देशातल्या ऑफिसचं काम करतात. म्हणजे माझी मुलगी तिकडे बसून इकडचं काम करते आणि ही माणसं इकडे बसून तिकडचं. मी सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीत बसून केली. खिडकी जिथे, तिथे मी. त्यामुळे मला एकदा कोणीतरी नीट समजावून सांगा, सगळे आपापल्या घरी बसूनच हे का करत नाहीत?

तर तन्वी म्हणाली, "आई, माझी खोली नुसती पडून आहे ना? पाटणकर काकांसारखी दे ना भाड्याने. असे रिमोटवाले लोक आले की लोकल इकॉनॉमीला किती फायदा होतो माहितेय? इथे बघ ना, आमच्या जिवावर बेकरी चालते, लाँड्री चालते, तीन नवीन कॅफे निघाले. आधी हे गाव म्हणजे मेलेलं होतं."

लोकल इकॉनॉमी! हे दोन शब्द कानावर पडले मात्र, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हेच दोन शब्द मी गेल्या उन्हाळ्यात ऐकले होते, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये, शेजारच्या पाटणकरांच्या तोंडून. तीच चाल, तोच समजूतदार आवाज. फोनवर तन्वी पुढे जे बोलली, ते मी शेवटी सांगेन. आत्ता सांगितलं तर बाकीचं लिहायचं राहून जाईल.

आधी सरोजबद्दल सांगायला हवं.

सरोज आमच्या बिल्डिंगच्या मागच्या चाळीत राहते. मूळची मालवणकडची. नवरा गेल्यापासून मसाला तिचं घर चालवतो. होळीपासून पाऊस लागेपर्यंत ती लोकांचे वर्षाचे मसाले करून देते. मालवणी, आगरी, घाटी, ज्याला जो हवा तो. या अडीच महिन्यांत जे हाती लागेल त्यावर तिचं उरलेलं वर्ष जातं. चाळीला अंगण नाही, तिच्या खोलीत उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही. म्हणून मिरच्या वाळायच्या आमच्या गच्चीवर. कोणी परवानगी दिली, कधी दिली, कोणाला आठवत नाही. गच्ची होती, ऊन होतं, सरोज होती. इतकं सरळ होतं ते.

काय दिवस असायचे! सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर जुन्या साड्या अंथरायच्या आणि त्यावर मिरच्या ओतायच्या. एका साडीवर रंगाला बेडगी, दुसरीवर तिखटाला लवंगी, मधे संकेश्वरी. संध्याकाळी आम्ही चार-पाच जणी देठं काढायला बसायचो. तोंडाला पदर, हाताला गोडंतेल. तरी रात्री बोटं अशी भगभगायची की काय सांगू. गप्पा मात्र थांबायच्या नाहीत. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गुडघ्याचं, कोणाच्या जावयाच्या नव्या गाडीचं, सगळं त्या ढिगाऱ्याभोवती निघायचं. तन्वी लहान असताना तिथेच बसून पाढे म्हणायची आणि दर तीन पाढ्यांनी शिंकायची.

मिरची उन्हात नुसती वाळत नाही, ती बोलायला लागते. म्हणजे हातात घेऊन हलवली की आत बी खुळखुळतं. सरोज ती कानाशी धरायची आणि म्हणायची, "आज नाय. अजून एक ऊन व्हया." मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. खुळखुळा वाजला की गोणी भरायची आणि डंखावर जायचं.

डंख म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. गल्लीच्या तोंडाशी तांबे नावाच्या माणसाची पत्र्याची शेड होती. आत रांगेने लोखंडी मुसळं, खाली उखळ्या. बटण दाबलं की मुसळं धाडधाड वर-खाली व्हायची आणि जमीन पायाखाली हलायची. बायका डबे घेऊन बाकड्यावर बसलेल्या. आपल्या मसाल्यात आधीच्या बाईची खसखस मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा. तांबे स्वतः लाल. भुवया लाल, कानातले केस लाल. ओरडल्याशिवाय तिथे बोलताच यायचं नाही, त्यामुळे तांबे घरीसुद्धा ओरडूनच बोलायचे असं त्यांची बायको सांगायची. मसाला गरम गरम डब्यात पडायचा तेव्हा त्याचा जो वास यायचा, त्याच्यासाठी मला शब्द नाही. फक्त भूक लागायची एवढं खरं.

आणि वानवळा! पहिला मसाला कुटून झाला की सरोज आमच्या बिल्डिंगच्या प्रत्येक घरी वाटीभर नेऊन द्यायची. गच्चीचं ऊन वापरलं, त्याचा वानवळा. "वैनी, ह्या तुमच्या उन्हाचा," असं म्हणायची. पाटणकरांच्या घरी तर दोन वाट्या जायच्या, कारण पाटणकर सोसायटीचे सेक्रेटरी. आणि मला पक्कं माहीत आहे, पाटणकरांच्या घरी वर्षभर माशाच्या आमटीला तोच मसाला पडायचा. वास यायचा ना! भिंत एकच आहे आमची.

गेल्या वर्षी याच पाटणकरांनी आपले वरच्या मजल्यावरचे दोन फ्लॅट नव्याने रंगवले. एसी, पांढरे पडदे, कुंडीत निवडुंग. आणि कुठल्यातरी अॅपवर टाकले. विमानतळ जवळ, मेट्रो जवळ, वाय-फाय जोरात. माणसं यायला लागली. डॅनियल त्यातला पहिला.

डॅनियल कुठल्याशा थंड देशातला. उंच, दाढीवाला, आणि स्वभावाने गरीब. खोटं कशाला बोलू? जिन्यात भेटला की हात जोडून "नमस्ते आंटी" म्हणायचा. माझ्या भाजीच्या पिशव्या वर आणून द्यायचा. आणि हेही खोटं नाही की गल्लीतल्या काही जणांचं बरं झालं. नारळपाणीवाला खूश होता. इस्त्रीवाला खूश होता, कारण ही माणसं बनियनलासुद्धा इस्त्री करून घेतात. डोसेवाला "नो स्पायसी" म्हणायला शिकला. ज्याचं चांगलं झालं त्याचं मला वाईट वाटत नाही. कोणाच्या ताटात पडलं तर माझ्या पोटात का दुखावं?

दुखलं ते वेगळ्याच कारणाने.

डॅनियल सकाळी गच्चीवर योगासनं करायचा. चैत्रातली ती सकाळ मला लख्ख आठवते. सरोजने मिरच्या पसरल्या होत्या आणि ती खाली चहाला माझ्याकडे आली होती. डॅनियल वर गेला. लालभडक मिरच्यांची एवढी मोठी रांगोळी त्याने जन्मात पाहिली नसणार. त्याने फोटो काढले. मग दोन ओंजळी उचलून, मिरच्या अंगावर उधळत स्वतःचा फोटो काढला. मग त्या साड्यांच्या मधे चटई टाकून आडवा झाला, घाम आला, आणि त्याने दोन्ही हातांनी डोळे पुसले.

जो ओरडा ऐकू आला! मला वाटलं कोणी गच्चीवरून पडलं. सरोज चहा टाकून धावली, मी तिच्या मागे. तो आंधळ्यासारखा चाचपडत होता, आणि डोळे धुवायला त्याने टाकीचा नळ सोडला होता. नळाचं पाणी सगळं मिरच्यांवर चाललं होतं. सरोजने मिरच्यांकडे बघितलं नाही. आधी त्याचे दोन्ही हात धरले. "मेल्या, मिरची ती! डोळ्याक हात लावू नको!" असं मालवणीत ओरडत तिने त्याला खाली बसवलं. मी दूध आणलं. तिने कापसाचे बोळे दुधात भिजवून त्याच्या डोळ्यांवर ठेवले, आणि तो लहान मुलासारखा हुंदके देत होता तोवर त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तो नुसतं "थँक यू, थँक यू" म्हणत होता. मागे सगळी बेडगी भिजून लगदा झाली होती.

संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे बरे झाले. मनाने वाईट नव्हताच तो. पण ऑफिसची कसलीशी महत्त्वाची मीटिंग बुडाली होती त्याची, आणि त्या अॅपवर राहण्याच्या जागेबद्दल मत लिहायचं असतं म्हणे. त्याने लिहिलं. आंटी प्रेमळ आहेत असंही लिहिलं. आणि गच्चीवर धोकादायक पदार्थ उघड्यावर पसरलेले असतात, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शेडमधल्या आवाजाने कामाच्या वेळेत बोलता येत नाही, असंही लिहिलं. तारे किती दिले ते पाटणकरांनी मला मोबाइलवर दाखवलं. त्यांचं तोंड असं झालं होतं, जसं काही त्यांच्या मुलाचा दहावीचा निकाल आहे.

दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप.

मीटिंग बोलावली ती मीच. पाटणकर आले, सोबत चेहऱ्यावर ते समजूतदार हसू. "वहिनी, जरा जमाना बघा. ही माणसं बाहेरून पैसा आणतात आणि आपल्या गल्लीत खर्च करतात. याला लोकल इकॉनॉमी म्हणतात. सगळ्यांचा फायदा आहे यात."

"सगळ्यांचा म्हणजे कोणाचा? नावं सांगा," मी म्हटलं.

त्यांनी सांगितली. इस्त्रीवाला, नारळवाला, डोसेवाला, रिक्षावाले.

"सरोजचं नाव आलं नाही यात."

"सरोजबाई सोसायटीच्या मेंबर नाहीत, वहिनी."

"मग इतकी वर्षं वानवळ्याच्या दोन-दोन वाट्या घेताना ती कोण होती? तेव्हा विचारलंत का, बाई, मेंबर आहेस का म्हणून?"

"तो विषय वेगळा आहे," पाटणकर म्हणाले, आणि पाण्याचा ग्लास उचलला.

मी इकडेतिकडे बघितलं. संध्याकाळी देठं काढायला बसणाऱ्या माझ्या मैत्रिणी समोर होत्या. एकीने पदराचा दोरा ओढला, दुसरीने घड्याळ बघितलं. नंतर कळलं, तिघींनी आपापल्या घरातल्या एकेका खोलीबद्दल पाटणकरांकडे चौकशी करून ठेवली होती. बरोबर आहे. कुलपाच्या आत आपलीही खोली असली की कुलूप बरंच वाटतं.

सरोज मीटिंगला नव्हती. मेंबर नाही ना ती. मी खाली जाऊन सांगितलं तेव्हा ती ओल्या मिरच्यांतल्या बऱ्या निवडत बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता मिरसांगो सुकवू खंय गो वैनी? माझ्या कपाळार?"

तिने हरायचं नाही असं ठरवलं होतं. चाळीच्या गल्लीत खाटा टाकून त्यावर मिरच्या पसरल्या. तिथे ऊन तासभर येतं आणि वरच्या नळाचं पाणी दिवसभर ठिबकतं. मिरच्या वरून वाळल्यासारख्या दिसल्या. आत ओल राहिली. खुळखुळा नीट वाजत नव्हता हे तिला कळत होतं, पण लोक घाई करत होते, तारखा दिल्या होत्या. तिने कुटून दिला. पावसाळ्यात एकेकीचा डबा परत यायला लागला. उघडला की वर पांढरी बुरशी. परत आणून देणाऱ्या बायका काही वाईट बोलल्या नाहीत. नुसता डबा तिच्या उंबऱ्यावर ठेवून जात होत्या. ते तिला जास्त लागलं.

तोवर तांब्यांचा डंखही गेला होता. शेडची जागा भाड्याची. जागामालकाला कॅफेवाल्याने कितीतरी जास्त भाडं देऊ केलं आणि वर आवाजाच्या तक्रारी होत्याच. तांबे गावी निघून गेले. जाण्याच्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, आणि मला ती ऐकूच आली नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले होते. आता तिथे काचेचं दार आहे. आत बसून माणसं लॅपटॉपशी इंग्रजीत बोलतात. आणि दारात त्यांनी डंखाचं एक मुसळ उभं केलंय. पॉलिश करून. त्यावर बल्ब लावलाय. लोक त्याला टेकून फोटो काढतात.

आणि डॅनियल? डॅनियल तर वैशाखातच गेला. दुसऱ्या कुठल्या देशात, समुद्रावर. जाताना मला मिठी मारून गेला, सरोजसाठी चॉकलेटचा डबा ठेवून गेला. त्याला खरंच माहीत नव्हतं की त्याच्या चार ओळींनी काय झालं. माणूस गेला, कुलूप राहिलं. मला कोणी विचारलं की सगळ्यात जास्त राग कशाचा आला, तर मी याचाच सांगेन. आमच्या सगळ्यांचा उन्हाळा ज्याच्यासाठी हलवला, तो उन्हाळा संपेपर्यंतही थांबला नाही.

दिवाळीनंतर पाटणकर मला जिन्यात भेटले. म्हणाले, "वहिनी, सरोजबाईंची सोय केली हं मी. दोन्ही फ्लॅटची साफसफाई, चादरी बदलणं, सगळं त्यांनाच दिलंय. बघा, म्हटलं नव्हतं? फायदा सगळ्यांना होतो." आणि हसले. त्या हसण्यात खोट नव्हती हो! त्यांना खरोखर वाटत होतं की आपण पुण्य केलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भांडले तरी. जिना दणाणून सोडला. पण झालं काय? काही नाही.

कामात काही कमीपणा नाही. माझी आई चार घरची धुणी करायची. पण सरोजला गल्ली ओळखायची ती सरोज मसालेवाली म्हणून. लग्न ठरलं की पोरीची आई आधी तिच्याकडे यायची, रुखवतात मसाल्याची बरणी तिचीच असायची. आता ती खाली मान घालून वरच्या मजल्यावर जाते आणि पांढऱ्या चादरींचं बोचकं घेऊन खाली येते. एकदा मी विचारलं, "कसं चाललंय गं?" तर म्हणाली, "बरा चल्लाहा. त्येंच्या चादरीक कसलोच वास येणा नाय, वैनी. माणूस निजलो की नाय तां पण कळणा नाय." आणि स्वतःचे हात नाकाशी नेऊन हुंगले. इतक्या वर्षांत त्या हातांचा मसाल्याचा वास कधी गेला नव्हता.

होळीच्या आधी मी तिला म्हटलं, यंदा पुन्हा सुरुवात कर. ती नको म्हणाली. "एकदा बुरशी लागली की लोक इसरणत नाय." जुनी गिऱ्हाइकं दोन-तीन उरली होती, त्यांनाही ती नाही सांगणार होती. या वर्षी नाही म्हटलं की संपलं. पुढच्या वर्षी कोणी विचारायलाही येणार नाही. तीही ओळखून होती, मीही.

आणि हे सगळं डोक्यात असताना मागच्या आठवड्यात तन्वीचा फोन. खोली भाड्याने दे, लोकल इकॉनॉमी, वगैरे. मग ती लाडात येऊन म्हणाली, "आणि आई, मसाला पाठव ना. सरोज मावशीचा. माझा संपत आला."

"यंदा नाही मसाला," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. कुलूप, डंख, बुरशी, चादरी. तिला खरंच वाईट वाटलं. "शी! पाटणकर काका असे कसे? एका माणसाने तक्रार केली म्हणून लगेच कुलूप?" असं म्हणाली. माझं काळीज जरा निवलं. म्हटलं, पोर माझीच आहे.

आणि मग, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते, ती अगदी सहज म्हणाली, "अगं आई, पण वासाचा त्रास होतो हं कधीकधी. इथे माझ्या खालीच एक म्हातारी राहते. ती दर उन्हाळ्यात रस्त्यावर शेगडी मांडून तारलीचे मासे भाजायची. येणारेजाणारे विकत घ्यायचे. सगळा धूर माझ्या खोलीत! मीटिंगमध्ये बसायची सोय नाही, कपड्यांना वास. शेवटी आम्ही सगळ्या भाडेकरूंनी मिळून घरमालकाला लिहून दिलं. आता बंद झालंय. सुटलो बाबा."

मी विचारलं, "तूही सही केलीस?"

"हो, मग? सगळ्यांनीच केली."

माझ्या तोंडून शब्द इतके एकदम आले की शेजारी पाटणकरांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "अगं सटवे," मी म्हटलं, "तारल्यांचा वास येतो तुला? तुझ्या आजीने रत्नागिरीच्या अंगणात तारल्या भाजून तुझ्या बापाला वाढवलं! त्या म्हातारीचा उन्हाळा होता तो! तिचं वर्ष त्याच्यावर जात असेल! बेकरी चालते म्हणे, लाँड्री चालते म्हणे, चुलीत गेली तुझी इकॉनॉमी! तू उद्या दुसऱ्या गावाला जाशील. ती म्हातारी कुठे जाईल?"

"आई, तू उगाच..."

"त्या म्हातारीचं नाव काय?"

"त्या खालच्या म्हातारीचं?"

"दोन वर्षं तिच्या डोक्यावर राहतेस. नाव काय तिचं?"

"माहीत नाही," तन्वी म्हणाली. मग रडायला लागली. मी फोन ठेवला. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते रागाचं होतं. इतका राग मला पाटणकरांचा आला नव्हता, डॅनियलचा तर नाहीच. परक्याच्या पोराने डोळे चोळले, त्याचं काय एवढं? इथे माझ्या पोरीने उघड्या डोळ्यांनी सही केली होती.

मग मी उठले. तन्वीच्या खोलीचं दार उघडलं. ही खोली मी रोज पुसते. तिचा पलंग, तिचं टेबल, भिंतीवर तिची मेडलं. खिडकी पश्चिमेला. दुपारचं ऊन सरळ पलंगावर पडलं होतं. कडक, पिवळं, चार तासांचं ऊन, आणि खाली अंथरलेली इस्त्रीची चादर. ती चादर मी ओढून काढली.

चाळीत जाऊन सरोजला सांगितलं, "आण तुझ्या मिरच्या. जेवढ्या मिळतील तेवढ्या. जुन्या गिऱ्हाइकांना हो म्हण."

"खंय सुकवतलंय?"

"माझ्या घरात."

ती माझ्यामागून आली, खोलीच्या दारात थांबली. "वैनी, पोरीची खोली ही. गादीक वास लागात. जाणा नाय तो मागीर."

"जाऊ नयेच तो," मी म्हटलं.

आम्ही दोघींनी पलंगावर साड्या अंथरल्या. टेबलावर, कपाटावर, जमिनीवर. बेडगी पलंगावर, संकेश्वरी टेबलावर, लवंगी खिडकीच्या कट्ट्यावर. पंखा लावला. चौथ्या-पाचव्या दिवशी सरोजने एक मिरची उचलून कानाशी धरली, डोळे मिटले, आणि ती माझ्या कानाशी आणली. वाजत होतं. कुटायला मालाडला न्यायचं ठरवलं, तिथे एक डंख अजून आहे म्हणतात.

तन्वीने मधे व्हिडिओ कॉल केला होता. मी मोबाइल फिरवून तिला तिचा पलंग दाखवला. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "आई, तिचं नाव लुर्देस आहे. मी जाऊन विचारलं." मी विचारलं, "आणि शेगडी?" ती म्हणाली, "दार उघडलं तिने. पण माझ्याशी बोलायला तयार नाही." मी म्हटलं, "नाहीच होणार. उद्या परत जा."

आज सकाळी सरोज माझ्या स्वयंपाकघरात आली. खोबरं, धणे, खसखस झालं. शेवटी कढई चांगली तापली आणि तिने लवंगीची मूठ आत टाकली. मी एक्झॉस्टचा पंखा बंद केला. घराचं दार सताड उघडलं. खिडक्या उघडल्या, जिन्यातलीसुद्धा.

पहिल्यांदा आम्ही दोघी खोकलो. मग शेजारी पाटणकर. मग जिन्यातून वर, एकेका मजल्यावर, अगदी वरपर्यंत. वर कोणीतरी इंग्रजीत ओरडलं. पाटणकर गॅलरीत येऊन, तोंडाला रुमाल धरून, खोकत खोकत ओरडले, "अहो! काय चाललंय काय हे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी सरोज खिडकीपाशी गेली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं तिच्या, आणि तिने सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"मसालो! खिडकी लाव!"